फॉर्म १६ साठी कर्मचाऱ्यांना ताटकळत ठेवू नका : इंदूरच्या लेखा विभागांना खुले पत्र

प्रति,
इंदूर, पीथमपूर आणि देवास परिसरातील खासगी शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, कोचिंग संस्था व कारखान्यांचे लेखा विभाग. सरकारी कार्यालयांतील आहरण-संवितरण अधिकारी (डीडीओ, म्हणजे पगार काढून देणारे). तसेच त्यांच्या टीडीएसचे (पैसे देतानाच कापायच्या आयकराचे) काम पाहणारे सर्व कर सल्लागार

विषय : पगारातून कापलेल्या आयकराचे प्रमाणपत्र (फॉर्म १६) वेळेवर देण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

आम्ही इंदूरमधले काही मराठी लेखापाल आणि कर सल्लागार. रामबाग, लोकमान्य नगर, तिलक नगर, सुदामा नगर अशा वस्त्यांतल्या पगारदारांची आणि पेन्शनरांची विवरणपत्रे भरून देणे हे आमचे रोजचे काम. आमच्यापैकी काही जण संस्थांचे टीडीएसचे कामही करतात. त्यामुळे हा कागद देणाऱ्याच्या टेबलावर काय अडते आणि घेणाऱ्याच्या घरी काय बिघडते, या दोन्ही गोष्टी आम्हाला ठाऊक आहेत. दरवर्षी जून उजाडला की तेच सुरू होते. कर्मचारी अकाउंट्समध्ये विचारायला जातो, 'सीएकडे आहे' असे ऐकून परत येतो, सीए म्हणतो 'संस्थेकडून माहिती आली नाही', आणि जुलैचे शेवटचे आठ दिवस आले की सगळ्यांची एकदम धावपळ होते. हे टाळता येते.

आधी कायद्याचे. फॉर्म १६ देणे म्हणजे मालकाने केलेले उपकार नव्हेत. आयकर अधिनियम १९६१ च्या कलम २०३ नुसार कर कापणाऱ्याने प्रमाणपत्र द्यायचेच आहे, आणि नियम ३१ ने त्याची तारीखही ठरवून दिली आहे : आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा १५ जून. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला असला तरी २०२५-२६ च्या पगाराचा हिशेब जुन्याच कायद्याने पुरा करायचा आहे. तेव्हा 'नवा कायदा आलाय, जरा थांबा' हे उत्तर या वर्षासाठी देऊ नये. प्रमाणपत्राला उशीर झाला तर कलम २७२अ(२) खाली दिवसाला ५०० रुपये दंड होऊ शकतो, कमाल मर्यादा कापलेल्या कराइतकी. २०२२ पर्यंत हा आकडा १०० रुपये होता. पुष्कळ कार्यालयांत अजून तोच जुना आकडा डोक्यात आहे.

पण दंडाची भीती घालून हे काम सुधारेल असे आम्हाला वाटत नाही. उशीर कुठे जन्मतो ते समजले पाहिजे.

फॉर्म १६ आता कोणी टाइप करत नाही. पार्ट ए आणि पार्ट बी, दोन्ही भाग ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवरूनच उतरवून घ्यावे लागतात. पार्ट बी सुद्धा तिथूनच घेण्याची सक्ती आर्थिक वर्ष २०१८-१९ पासून आहे. तरीही एक्सेलमध्ये आकडे भरून, शिक्का मारून दिलेले 'फॉर्म १६' आमच्याकडे येतात. त्यावर सात अक्षरी प्रमाणपत्र क्रमांक नसतो, ट्रेसेसचे चिन्ह नसते, आणि बँकेत कर्जासाठी नेले की ते परत येतात. पार्ट ए म्हणजे चार तिमाहींच्या २४क्यू (पगारावरच्या टीडीएसच्या) विवरणपत्रांचा गोषवारा : कोणत्या तिमाहीत किती कापले, किती भरले, कोणत्या चलानाने भरले आणि ते चलान जुळले की नाही. पार्ट बी म्हणजे पगाराचा तपशील, भत्ते, सवलती, वजावटी. हा तपशील फक्त चौथ्या तिमाहीच्या २४क्यू मधल्या अॅनेक्श्चर २ या जोडपत्रातून येतो. चौथ्या तिमाहीचे विवरणपत्र भरायची शेवटची तारीख ३१ मे. याचा अर्थ सरळ आहे. जूनमध्ये प्रमाणपत्र मिळत नाही कारण मे महिन्यात फाइल गेलेली नसते, आणि मे महिन्यात फाइल जात नाही कारण वर्षभरातली कुठलीतरी तिमाही अर्धवट पडलेली असते.

अर्धवट राहण्याचे पहिले कारण सांगायला अवघड, तरी सांगतो. कर कापलेला असतो, भरलेला नसतो. फी जमा व्हायची आहे, अनुदान अडकले आहे, मोठ्या ग्राहकाचे बिल निघाले नाही, म्हणून कापलेला कर महिना-दोन महिने खेळत्या भांडवलात फिरतो. पगारातून कापलेली रक्कम त्या क्षणापासून संस्थेची राहत नाही. ती पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची असते, मार्चची ३० एप्रिलपर्यंत. उशिराचे व्याज दरमहा दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. शिवाय व्याज ७ तारखेपासून नव्हे, कर कापल्याच्या तारखेपासून मोजतात. ३० एप्रिलला कापलेला कर ८ मेला भरला, म्हणजे एकच दिवस उशीर झाला, तर एप्रिल आणि मे असे दोन महिने धरून तीन टक्के लागतात. हे ठाऊक नसल्याने व्याज कमी भरले जाते, मग डिफॉल्ट (कमी भरल्याची नोंद) निघतो, मग नोटीस येते. कापून न भरणाऱ्यावर फौजदारी खटल्याचीही तरतूद आहे. ज्यांची अडचण खरोखर पैशाची आहे त्यांनी निदान कर्मचाऱ्याला खरे सांगावे. 'पोर्टल चालत नाही' हे कारण फार झाले.

दुसरे कारण चलान. येथे यंदा एक खास खड्डा आहे. मार्च २०२६ च्या पगारावरचा कर एप्रिलमध्ये भरला जातो. तो आर्थिक वर्ष २०२५-२६ चा, म्हणजे जुन्या कायद्याच्या भाषेत निर्धारण वर्ष २०२६-२७. नव्या कायद्यात निर्धारण वर्ष ही कल्पनाच नाही, 'कर वर्ष' आहे, आणि एप्रिल २०२६ पासूनच्या पगाराचे कर वर्षही २०२६-२७ च. आकडा एक, वर्षे दोन. मार्चचे चलान चुकून नव्या वर्षात गेले की चौथ्या तिमाहीत ते पैसे सापडणार नाहीत आणि सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मार्चच्या नोंदी 'यू', म्हणजे न जुळलेल्या, दिसतील. एप्रिलमधले प्रत्येक चलान आजच काढून बघा. चूक असेल तर दुरुस्तीची विनंती लगेच टाका, कारण चलान जितके जुने होते तितकी दुरुस्ती किचकट होते.

चलानाची बाकीची दुखणी नेहमीचीच आहेत. बँकेचा बीएसआर कोड सात अंकी, चलानाचा अनुक्रमांक पाच अंकी, आणि भरल्याची तारीख, या तिन्हींपैकी एकही चुकले तर जुळणी होत नाही. म्हणून हे आकडे हाताने टाकू नयेत. पोर्टलवरून त्या काळाची सीएसआय फाइल (भरलेल्या चलानांची यादी) उतरवून घ्यावी आणि एफव्हीयू (विवरणपत्राची फाइल तपासणारे सॉफ्टवेअर) तपासणी तिच्यासकट करावी. चलान ४८,००० रुपयांचे आणि त्यावर लावलेल्या कर्मचाऱ्यांची बेरीज ४८,६०० असे झाले तर नोंदीला 'ओ' लागतो, म्हणजे चलानात आहे त्यापेक्षा जास्त वाटले. सहाशे रुपयांचे चलान वेगळे भरून दुरुस्ती विवरणपत्र टाकले की प्रश्न सुटतो, पण त्यासाठी कोणीतरी फॉर्म २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून तो 'ओ' बघितला पाहिजे.

तिसरे कारण पॅन, आणि यात सर्वांत जास्त माणसे भरडली जातात. एफव्हीयू पॅनची फक्त रचना तपासते : पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. चार अंकांत ३ च्या जागी ८ पडला तरी फाइल बिनबोभाट पास होते. तो पॅन अस्तित्वात नसेल तर त्या कर्मचाऱ्याचा फॉर्म १६ निघतच नाही. तो दुसऱ्या कोणाचा असेल तर वर्षभराचा कर त्या अनोळखी माणसाच्या २६एएस मध्ये जाऊन बसतो. यावर इलाज सोपा आहे. नवा माणूस रुजू झाला त्याच दिवशी ट्रेसेसवर पॅन पडताळून नाव बघावे. चौथे अक्षर 'पी' असले पाहिजे, कारण ते व्यक्तीचे चिन्ह. पाचवे अक्षर सहसा आडनावाचे आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेल्या शिक्षिकांच्या बाबतीत हे पाचवे अक्षर माहेरच्या आडनावाचेच राहते, कारण पॅन क्रमांक बदलत नाही. ते बघून काही लिपिक पॅन चुकीचा समजतात आणि नोंद रिकामी ठेवतात. तसे करू नका. आधारशी न जोडल्यामुळे पॅन निष्क्रिय झाला असेल तर कर चढ्या दराने कापावा लागतो. ती गोष्ट कर्मचाऱ्याला एप्रिलमध्ये सांगा, पुढच्या मार्चमध्ये नको.

चौथे कारण अॅनेक्श्चर २. यात वर्षभरात एक महिना जरी नोकरी केली तरी त्या माणसाची ओळ आली पाहिजे. मध्येच सोडून गेलेल्यांना यादीतून काढून टाकले जाते, कारण मार्चच्या पगारपत्रकात त्यांचे नाव नसते. मग त्यांचा पार्ट ए निघतो, पार्ट बी निघत नाही. रुग्णालये आणि कोचिंग संस्थांमध्ये माणसे वर्षाच्या मधोमध बदलतात, तिथे हे हमखास घडते. त्या ओळीत नवी करप्रणाली की जुनी हेही सांगावे लागते. कर्मचाऱ्याने काहीच कळवले नसेल तर नवी धरायची, हे २०२३ पासून ठरलेले आहे. ज्याने जुनी मागितली त्याचा फॉर्म १२बीबी (वजावटींचे निवेदन), भाड्याच्या पावत्या, विम्याचे हप्ते जानेवारीतच हातात घ्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुरावे मागितले की अर्धे येत नाहीत, आणि मग एप्रिल-मे त्यांच्या मागे लागण्यात जातात.

सरकारी कार्यालयांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे चलान नसते, बुक एंट्री (सरकारी हिशेबातली वहीनोंद) असते. कोषालय दर महिन्याला फॉर्म २४जी भरते, त्यातून बीआयएन हा नोंदीचा ओळख क्रमांक तयार होतो : २४जी चा सात अंकी पावती क्रमांक, डीडीओचा पाच अंकी अनुक्रमांक आणि तारीख. २४क्यू मध्ये हा बीआयएन आणि त्याच्यापुढची रक्कम तंतोतंत जुळली पाहिजे. प्रत्यक्षात काही कार्यालये बीआयएनच्या जागी कोषालयाचा व्हाउचर क्रमांक टाकतात आणि मग कर कापलेला, भरलेला असूनही कर्मचाऱ्याच्या खात्यात तो 'यू' राहतो. आहरण-संवितरण अधिकाऱ्यांना विनंती अशी की दर महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास बीआयएन उतरवून रजिस्टरमध्ये लिहून ठेवावा. तिमाही संपल्यावर तीन महिन्यांचे शोधत बसणे हेच उशिराचे मूळ आहे.

आता हा कागद न मिळाल्याने काय होते ते ऐका. पगारदाराची विवरणपत्राची मुदत ३१ जुलै. ती उलटल्यावर विवरणपत्र भरता येते, पण कलम २३४एफ ची फी ५,००० रुपये, आणि उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००. त्याहून मोठा फटका असा की मुदतीनंतर भरलेल्या विवरणपत्रात जुनी करप्रणाली निवडताच येत नाही. घरभाडे भत्त्याची सूट, ८०सी चे दीड लाख, स्वतः राहत्या घराच्या कर्जावरचे दोन लाखांपर्यंतचे व्याज, सगळे एका तारखेत जाते. वर्षभर हप्ते भरलेल्या माणसाची ती वजावट आपल्या एका न भरलेल्या फाइलपायी बुडते. परतावा असेल तर मुदतीत भरणाऱ्याला १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, उशिरा भरणाऱ्याला विवरणपत्राच्या तारखेपासूनच. थकबाकीचा पगार मिळालेल्यांना कलम ८९ ची सवलत हवी असेल तर विवरणपत्राआधी फॉर्म १०ई भरावा लागतो, आणि त्यासाठी कोणत्या वर्षाची किती थकबाकी हा तक्ता संस्थेनेच द्यायचा असतो. शाळांमध्ये हा तक्ता मागितला की लोक एकमेकांकडे बघतात.

'२६एएस बघा आणि भरा' असा सल्ला दिला जातो. २६एएस मध्ये कापलेला कर दिसतो. पगारातला कोणता भत्ता किती सूट होता, व्यवसाय कर किती गेला, हे त्यात नाही. आणि चौथी तिमाही भरलीच नसेल तर २६एएस मध्येही जानेवारी ते मार्च कोरेच असते. कायद्याचे कलम २०५ सांगते की पगारातून कापला गेलेला कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. पण संस्थेने तो सरकारात भरल्याचे दिसत नाही तोवर त्याचे श्रेय मिळत नाही आणि पोर्टलवर मागणी लटकत राहते. तेव्हा माणसाच्या हातात पुरावा म्हणून उरतात त्या फक्त पगाराच्या चिठ्ठ्या. म्हणून दर महिन्याच्या चिठ्ठीवर संस्थेचा टॅन (कर कापणाऱ्याचा ओळख क्रमांक) आणि त्या महिन्याचा कापलेला कर छापा. आपल्या भागातले टॅन सहसा बीपीएल या अक्षरांनी सुरू होतात, पण उरलेले सात अक्षर-अंक कर्मचाऱ्याला कुठून माहीत असणार?

कामाची घडी कशी बसवावी, आमच्या अनुभवाने सांगतो. मार्चचा पगार देतानाच वर्षाचा अंतिम कर काढून फरक त्यातच कापावा. मार्चचा कर ३० एप्रिलची वाट न बघता एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भरावा. २० एप्रिलपासून आरपीयू (विवरणपत्र तयार करायचे सॉफ्टवेअर) मध्ये चौथी तिमाही आणि अॅनेक्श्चर २ भरायला घ्यावे. साठ-सत्तर माणसांच्या संस्थेला हे काम नीट बसून तीन-चार दिवसांचे आहे. बाकीच्या तीन तिमाहींतले 'यू' आणि 'ओ' याच काळात दुरुस्त करावेत. फाइल १० मेपर्यंत पोर्टलवर चढवली की मे संपायच्या आत प्रोसेस होते, डिफॉल्ट असेल तर जस्टिफिकेशन रिपोर्टमध्ये (त्रुटींच्या अहवालात) दिसतो, आणि दुरुस्तीला हातात पंधरा दिवस राहतात. ३० आणि ३१ मेला पोर्टलवर जी गर्दी उसळते तीत सापडण्याची गरजच पडत नाही. ट्रेसेसवर लॉगिन केल्यावर केवायसीसाठी त्या तिमाहीचा टोकन क्रमांक (विवरणपत्र दाखल केल्याचा पावती क्रमांक), त्यातले एक चलान आणि त्या चलानावरचे पॅन व रकमा विचारतात. विवरणपत्राची प्रत समोर ठेवून बसले तर पाच मिनिटांचे काम. मग पार्ट ए आणि पार्ट बी दोन्हींची विनंती टाकायची, झिप फाइल आली की ट्रेसेसच्याच कन्व्हर्टरने पीडीएफ काढायच्या, डिजिटल सही लावायची आणि ईमेलने पाठवायच्या. छापील प्रतीवर शिक्के मारत बसायला नको.

ज्यांची फाइल ३१ मेला गेली नाही त्यांच्यासाठी : कलम २३४ई ची फी दिवसाला २०० रुपये चढत असते. १० जुलैला भरली तर ४० दिवसांचे ८,००० होतात. ही फी फाइल चढवण्याआधी भरायची असते. शिवाय कलम २७१एच खाली १०,००० ते १,००,००० रुपयांचा दंड आहे. पूर्वी एका वर्षाच्या आत कर, फी आणि व्याज भरून विवरणपत्र दिले तर तो लागत नसे. १ एप्रिल २०२५ पासून ती सूट एका महिन्यावर आली आहे. म्हणजे चौथ्या तिमाहीसाठी ३० जून ही तारीख जीव तोडून पाळण्यासारखी आहे. जुन्या चुकांबाबतही आता निवांत राहता येणार नाही. नव्या कायद्यात दुरुस्ती विवरणपत्राला दोनच वर्षांची मुदत आहे, आधी ती सहा वर्षे होती. 'पुढे कधीतरी बघू' म्हणून ठेवलेला चुकीचा पॅन दोन वर्षांनी दुरुस्तच होणार नाही.

दोन गोष्टी आम्हाला फार खटकतात. एक, नोकरी सोडलेल्या माणसाचा फॉर्म १६ 'नो ड्यूज' साठी अडवून ठेवणे. लॅपटॉप परत आला नाही, नोटीस पिरियडचा वाद आहे, तर त्यासाठी वेगळे मार्ग आहेत. कर त्याच्या पगारातून कापला आहे, प्रमाणपत्र त्याचे आहे. त्यात दोन मालकांकडे वर्ष विभागले गेले की दोघेही स्लॅब आणि प्रमाणित वजावट पूर्ण धरून बसतात, शेवटी कर कमी पडतो, आणि त्यावरचे व्याज त्या माणसाला पडते. पहिल्या मालकाकडचे आकडे वेळेवर मिळाले असते तर दुसऱ्याने फॉर्म १२बी (आधीच्या मालकाकडच्या पगाराचा तपशील) घेऊन हे सांभाळले असते. दुसरी गोष्ट, ज्याचा कर कापला गेला नाही त्याला काहीच न देणे. २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, त्यामुळे असे कर्मचारी पुष्कळ वाढले आहेत. त्यांना फॉर्म १६ देणे कायद्याने बंधनकारक नसेलही, पण चार लाखांवर उत्पन्न असले की विवरणपत्र त्यांनाही भरायचे आहे. अॅनेक्श्चर २ तयारच असते. त्यातली त्यांची ओळ एका पानावर छापून द्यायला किती वेळ लागतो?

मानधनावर येणारे डॉक्टर, अतिथी विद्वान (पाहुणे प्राध्यापक), तासिकांवरचे शिक्षक यांचा कर २६क्यू या पगाराव्यतिरिक्तच्या टीडीएस विवरणपत्रातून जातो आणि त्यांना त्याचे प्रमाणपत्र, फॉर्म १६ए, दर तिमाहीला मिळायला हवा : १५ ऑगस्ट, १५ नोव्हेंबर, १५ फेब्रुवारी आणि १५ जूनपर्यंत. बहुतेक ठिकाणी तो वर्षातून एकदा, तोही मागितल्यावर मिळतो.

आणि ज्यांना १५ जूनला फॉर्म १६ देणे यंदा जमणारच नाही, त्यांच्याकडे एवढेच मागणे आहे. १५ जूनलाच प्रत्येक कर्मचाऱ्याला एक सही केलेले पगार विवरण द्या. त्यात टॅन, बारा महिन्यांचा पगार, सूट धरलेले भत्ते, धरलेल्या वजावटी, कोणती करप्रणाली वापरली आणि प्रत्येक महिन्याला किती कर कापून कोणत्या चलानाने भरला, हे सगळे येऊ द्या. त्यावर आम्ही विवरणपत्र तयार करून ठेवू आणि २६एएस जुळले की ३१ जुलैच्या आत दाखल करू. त्याच कागदावर चौथ्या तिमाहीचे विवरणपत्र कोणत्या तारखेला दाखल होणार हे लिहा, आणि दाखल झाल्यावर टोकन क्रमांक नोटीस बोर्डावर लावा.

कळावे,

आपले,
इंदूरमधील काही मराठी लेखापाल व कर सल्लागार